नवशिक्याचा प्रश्न आणि उत्तरातील अव्यये
संगणकाची अडचण विचारणाऱ्या नवशिक्यास मिळणारे उत्तर पुष्कळदा आशयाने अचूक, पण रचनेने त्यास परतवून लावणारे असते. न्यूयॉर्क येथे २०११ साली स्थापन झालेल्या रिकर्स सेंटर या आज्ञावलीलेखनाच्या अभ्यासकेंद्राने तर ‘आश्चर्याचा आव आणू नये’ असा नियमच केला आहे. मराठीत हा आव शुद्ध शब्दयोगी अव्यये वाहतात. ‘तुम्हांला एवढेही ठाऊक नाही?’ हे वाक्य रूपाने प्रश्नार्थक. त्यास उत्तर मात्र देता येत नाही. त्यातील ‘ही’ ज्ञानाची किमान रेषा आखतो आणि विचारणाऱ्यास तिच्याखाली बसवितो. आदरार्थी ‘तुम्हांला’ तेथे निरुपयोगी. विचारणारा पुढे गप्प राहतो. ‘ते सोपेच आहे’ यातील ‘च’ त्याच जातीचा. ‘पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा कळवा’ असे लिहिल्याने माहितीत तिळमात्र उणे होत नाही.