शेअर बाजार कोसळला की सहकारी बँकेतली एफडीही बुडते का?

सेन्सेक्स हजारभर अंकांनी आपटला की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, "आपल्या बँकेतल्या एफडीचं काय? मोडून टाकायची का?" मोडण्याआधी दोन तारखा बघा.

पहिली तारीख, २३ सप्टेंबर २०१९. सरकारने कंपनी कर कमी केल्यामुळे बाजार जोरात होता. २० सप्टेंबरला सेन्सेक्स एका दिवसात १,९२१ अंकांनी वाढला होता आणि २३ तारखेलाही तो हजाराहून जास्त अंकांनी चढला. नेमक्या त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी खातेदारांना कळलं, सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार.

दुसरी तारीख, २३ मार्च २०२०. करोनाच्या भीतीने सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी कोसळला. पण म्हणून त्या दिवशी कुणाच्या एफडीची रक्कम घटली नाही.

असं का होतं?

शेअरची किंमत घेणारे आणि विकणारे ठरवतात, त्यामुळे ती रोज बदलते. एफडी मात्र बँकेने तुमच्याकडून घेतलेली उधारी आहे. त्या पैशातून बँक घर, धंदा, सोनं यावर कर्ज देते. हप्ते वेळेवर आले तर तुमचे पैसे सुरक्षित. कर्ज थकलं, की बँक अडचणीत. पीएमसीच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाकडे अडकलं होतं. ते लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवल्याचं तपासात समोर आलं.

मग बाजाराचा काहीच संबंध नाही?

तसंही नाही. २००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बँकेने शेअर दलाल केतन पारेखला मोठ्या रकमा दिल्या होत्या. बाजार पडला, पैसे परत आले नाहीत आणि बँक बुडाली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने शेअर बाजारासाठी कर्ज देण्याबाबत सहकारी बँकांचे नियम कडक केले. म्हणजे तिथेही घात केला तो वाटलेल्या कर्जाने.

बँक अडचणीत आलीच तर?

डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीकडून ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा मिळतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा फक्त १ लाख होती. यात तीन गोष्टी लक्षात ठेवा.

- ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. एकाच बँकेच्या चार शाखांत तुमच्या नावावर पैसे असले, तरी हिशोब एकत्रच होतो.
- बँकेचे सभासद म्हणून घेतलेल्या शेअर्सना हा विमा नाही.
- पतसंस्थेतल्या ठेवींनाही हा विमा नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नाही, तर सहकार खात्याचं नियंत्रण असतं.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर, निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली आहे.

मग बघायचं काय?

सेन्सेक्सपेक्षा बँकेचा वार्षिक अहवाल बघा. तुम्ही सभासद असाल तर तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जाचं प्रमाण, दरवर्षी वाढतंय का? ऑडिटचा वर्ग घसरलाय का? आजूबाजूच्या बँकांपेक्षा व्याज फारच जास्त आहे का? जास्त व्याज देणाऱ्या संस्थेला तेवढीच जास्त जोखमीची कर्जं वाटावी लागतात.

निवृत्तीची सगळी रक्कम एकाच ठिकाणी असेल, तर ती दोन-तीन बँकांत विभागून ठेवा. पण केवळ बाजार पडला म्हणून चांगल्या बँकेतली एफडी मुदतीआधी मोडलीत, तर व्याजाचं नुकसान नक्की होईल.