सुट्टीतलं विणकाम: छंद की फुकटची मजुरी?



मे महिन्याची सुट्टी, कुलदैवताचं दर्शन म्हणून जोतिबा, मग पन्हाळा, आणि पिशवीत अर्धवट विणलेली ऑर्डर. क्रोशाचा व्यवसाय करणाऱ्या अनेकींची सहल अशीच असते. "गाडीत बसल्या बसल्या होऊन जाईल" हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण किंमत ठरवताना तेच आपल्याला महागात पडतं.

सोबत काय न्यायचं?

उकाड्यात लोकर नको. हाताला घाम येतो, धागा चिकटतो. त्यापेक्षा सुती दोरा बरा. दोन लांब सुयांपेक्षा क्रोशाची एकच सुई एसटीच्या गर्दीत सोयीची, शेजाऱ्याला टोचतही नाही. आणि जोतिबाला जाताय, म्हणजे गुलाल आलाच! पांढरा किंवा फिका दोरा उघडा ठेवू नका. चेनच्या प्लास्टिक पाऊचमध्ये ठेवा आणि डोंगरावर पोचलात की बाहेर काढूच नका. रविवारी आणि चैत्र यात्रेत तर नाहीच. गुलाल लागलेला माल ग्राहकाला देता येत नाही.

काय विणायचं?

साखळी, मुका खांब, खांब असे हाताला सवयीचे टाके असलेले छोटे तुकडे. तोरणाची फुलं, पाऊचच्या बाजू. अस्तर, चेन, जोडणी घरी करा. प्रवासात हात कधी सैल पडतो, कधी घट्ट. म्हणून पहिला तुकडा टेपने मोजा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघा.

आता खरा हिशोब

समजा, एक मोबाईल पाऊच आहे:

- दोरा ४० ग्रॅम (१०० ग्रॅम १२० रुपये धरून): ४८ रुपये
- अस्तर, चेन: २० रुपये
- पॅकिंग: ७ रुपये
- एकूण साहित्य: ७५ रुपये

आपण विकतो १२० ला आणि म्हणतो, "४५ रुपये सुटले." पण विणायला लागले अडीच तास. म्हणजे तासाला फक्त १८ रुपये! तासाची मजुरी ६० धरली तर १५० रुपये होतात. साहित्य धरून खर्च २२५. त्यावर २० टक्के नफा, म्हणजे विक्री २७० ला.

"पण मी तर सहलीला होते, वेळ मोकळाच होता!" नाही ताई, तो वेळ तुमच्या विश्रांतीचा होता, मुलांचा होता. घरी विणलं काय आणि पन्हाळ्यावर विणलं काय, मजुरी तीच. आज शून्य मजुरीवर दर लावलात, तर उद्या मदतनीस ठेवल्यावर तिचा पगार कुठून देणार?

ऑर्डर घेण्याआधी

वास्तुशांतीच्या ३० पाऊचची ऑर्डर आली, तर ३० गुणिले अडीच, म्हणजे ७५ तास. रोज ३ तास धरले तर २५ दिवस. त्यात सहलीचे दिवस धरूच नका. तिथे जे विणून होईल ते बोनस. तारीख देताना वर ३-४ दिवस राखून ठेवा.

आणि स्वतःसाठी, निव्वळ आनंदासाठी विणताय? मग घड्याळ बाजूला ठेवा. फक्त ती वस्तू नंतर "अशीच पडलीय" म्हणून स्वस्तात विकू नका.

या आठवड्याचा गृहपाठ: एक वस्तू विणताना मोबाईलवर वेळ लावा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचं वजन करा आणि वरचा हिशोब मांडा. आकडा व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा, आपण दर तपासून बघू.

चांगभलं!