आगमनकाळ (ख्रिस्ती धर्म)

आगमनकाळ हा पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील नाताळपूर्व प्रतीक्षेचा काळ होय. ३० नोव्हेंबर या संत आंद्रिया यांच्या सणाला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी, म्हणजेच २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान, तो सुरू होतो. त्यामुळे त्याची लांबी २२ ते २८ दिवसांची असते. रोमन कॅथलिक, अँग्लिकन व लुथरन चर्चचे उपासना वर्ष याच रविवारी सुरू होते. मिलानच्या अँब्रोशियन परंपरेत हा काळ सहा आठवड्यांचा असतो. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळापूर्वी ४० दिवसांचा उपवास पाळतात.

स्वरूप

या काळातील प्रतीक्षा दुहेरी आहे: येशूच्या जन्मोत्सवाची आणि त्याच्या पुनरागमनाची. कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंत दुसऱ्या अर्थावर भर असतो, १७ डिसेंबरपासून पहिल्यावर. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, रविवारच्या मिस्सामधील गौरवगीत वगळले जाते. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी वस्त्रांची मुभा आहे.

संयमाची कल्पना

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संयमाचे उदाहरण म्हणून शेतकरी येतो. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये पडतो. पेरणी पहिल्यावर आणि दाणा भरणे शेवटच्यावर अवलंबून असे. पेरणी करून आभाळाकडे डोळे लावणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे हे चित्र मराठी वाचकास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हा शेतकरी आळशी नाही. आपल्या हातचे काम उरकून, जे आपल्या हाती नाही त्याची तो वाट पाहतो.

त्याच अध्यायात ईयोबाच्या धीराचाही उल्लेख आहे. तेथे ग्रीक शब्द बदलतो. शेतकऱ्यासाठी वापरलेल्या शब्दात मन लांबवणे, लवकर न चिडणे हा भाव आहे, तर ईयोबासाठी वापरलेल्या शब्दात ओझ्याखाली टिकून राहण्याचा. ईयोब काही निमूटपणे सोसत नाही. त्याच्या ग्रंथाचा मोठा भाग देवाकडे केलेल्या तक्रारींनीच भरलेला आहे. त्यामुळे ख्रिस्ती संयमाचा अर्थ केवळ मौन असा करणे अपुरे ठरते.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डिट्रिख बोनहोफर यांना नाझी राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये अटक केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आगमनकाळाची तुलना तुरुंगातील कोठडीशी केली: कैदी वाट पाहतो, काही ना काही करत राहतो, परंतु दार बाहेरूनच उघडावे लागते. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

आक्षेप

वाट पाहण्याचा उपदेश दुर्बलांना गप्प बसवण्यासाठीही वापरला जातो, हा आक्षेप ख्रिस्ती परंपरेच्या आतूनच आला आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे आठ श्वेतवर्णीय धर्मगुरूंनी निदर्शने अवेळी असल्याचे म्हटले. त्यावर बॅप्टिस्ट पाळक मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांनी तुरुंगातून उत्तर दिले की, कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या 'थांबा' या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा 'कधीच नाही' असाच निघाला आहे.

घाई आणि बाजारपेठ

हँबर्ग येथे अनाथ व निराधार मुलांसाठी संस्था चालवणारे लुथरन पाळक योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारांसाठी मोठ्या, इतर दिवसांसाठी लहान. नाताळला किती दिवस उरले, हे मुलांना त्यावरून मोजता येई. चार मेणबत्त्यांचे आजचे पुष्पचक्र त्यातूनच आले. दिवस मोजण्याच्या छापील दिनदर्शिकाही पुढे जर्मनीतच रुजल्या. आता त्यांच्या खिडक्यांमागे चॉकलेटे आणि सौंदर्यप्रसाधने असतात.

बाजारात नाताळ नोव्हेंबरमध्येच सुरू होतो आणि २५ डिसेंबरनंतर ओसरतो. उपासना वर्षाचा क्रम याच्या उलट आहे. त्यात नाताळकाळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो आणि कॅथलिक चर्चमध्ये जानेवारीतील प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो.