आइकात्सू : शंभर येनचा रंगमंच

जपानमधल्या सुपरमार्केटांत आणि खेळण्यांच्या दुकानांत २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये बांदाई कंपनीचं एक नवं यंत्र आलं. शंभर येनचं नाणं टाकलं की एक कार्ड मिळे. त्यावर एखादा झगमगीत टॉप, स्कर्ट नाहीतर बूट. मुलीने आवडीचा साज जमवायचा, कार्डांवरचे कोड यंत्राला दाखवायचे, की पडद्यावरची नायिका तेच कपडे घालून रंगमंचावर येई. मग गाण्याच्या ठेक्यावर बटणं दाबायची. त्याच महिन्यात टीव्ही टोकियोवर ‘आइकात्सू!’ ही अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. मालिकेतल्या मुलीही कार्यक्रमाआधी अशीच कार्डं यंत्रावर ठेवून पोशाख चढवतात. दुकानातली मुलगी हुबेहूब तेच करत असे.

म्हणजे मालिका कार्डं खपवण्यासाठीही होती. मुलीच्या हट्टापायी आईबापांचे शंभर-शंभर येन जात राहणार, ही बाजू मला आजही खटकते. पण खपासाठी काढलेली आणि तरी इतक्या मनापासून केलेली दुसरी मालिका माझ्या पाहण्यात नाही.

गोष्ट इचिगो होशिमियाची. आईचं डबे विकायचं दुकान, घरात धाकटा भाऊ, आणि इचिगोला खाण्याची भारी आवड. मैत्रीण आओई तिला मिझुकी कानझाकी या अव्वल आयडॉलच्या कार्यक्रमाला घेऊन जाते. गाणं, नाच, जाहिराती, मुलाखती असं सगळं सांभाळणारी तरुण कलाकार म्हणजे आयडॉल. त्या एका संध्याकाळनंतर दोघी स्टारलाइट अकॅडमीच्या प्रवेशपरीक्षेला बसतात.

पुढे जे घडतं त्याचा बाज तालमीतल्या पोरांच्या गोष्टीचा आहे. दिग्दर्शक रिउइची किमुरा आणि मुख्य लेखक योइची कातो या मुलींना सतत पळवतात, घाम गाळायला लावतात. नाताळच्या भागात पार्टीसाठी झाड हवं असतं, तर इचिगो कुऱ्हाड घेऊन घाव घालते आणि अख्खं झाड पाडते. मालिका हे अगदी गंभीरपणे दाखवते, आणि इचिगोचा स्वभाव त्या एका प्रसंगात पुरता कळतो. प्रेमप्रकरणांना इथे जवळजवळ जागाच नाही. प्रतिस्पर्धी असतात, पण एकमेकींचा पाय ओढत नाहीत. पहिल्या वर्षाच्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेत इचिगो मिझुकीपुढे हरते आणि अमेरिकेला शिकायला निघून जाते.

इचिगोला आवाज दिला सुमिरे मोरोहोशीने, तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. गाणी मात्र वेगळ्या गायिकांच्या ‘स्टार अनिस’ या गटाने गायली. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या कानांना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

मला सर्वांत जवळची वाटते ती २०१४ मध्ये नायिका झालेली अकारी ओओझोरा. गाण्याच्या ऐन भरात करायची खास करामत, ‘स्पेशल अपील’, तिला जमतच नाही. ती पडते, उठते, पुन्हा पडते. लेखक तिला झटपट यश देत नाहीत. भागांमागून भाग तिचा नुसता सराव चालतो. आठ वर्षांच्या प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

मार्च २०१६ मध्ये १७८ भागांनंतर ही मालिका संपली. पुढे त्याच नावाखाली नव्या नायिका आल्या. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या चित्रपटात इचिगो आणि तिच्या मैत्रिणी शाळा संपवून मोठ्या झालेल्या दिसतात. सुरुवातीपासून पाहणाऱ्या मुलीही तोवर शाळेबाहेर पडल्या होत्या.