लाकडी तलवारीचा सामुराई

जपानच्या इतिहासात १८५३ हे साल काळ्या जहाजांचे साल म्हणून ओळखले जाते. त्या वर्षी अमेरिकन आरमाराचा अधिकारी पेरी चार युद्धनौका घेऊन एदोच्या आखातात येऊन ठाकला, आणि दोनशेहून अधिक वर्षे परकीयांना जवळजवळ दाराबाहेरच ठेवणाऱ्या त्या देशाला दार उघडावे लागले. पुढील पंधरा वर्षांत शोगुनांची सत्ता लयास गेली. १८७६ मध्ये सामुराईंना कमरेस तलवार लावून हिंडण्याची मनाई झाली. जी तलवार पिढ्यान्‌पिढ्या सामुराईचा आत्मा मानली जात होती, ती एका सरकारी आज्ञेने कमरेवरून उतरली.

आता या इतिहासात एकच फेरफार करून पाहावा. पेरीच्या जहाजांऐवजी आकाशातून याने उतरली, आणि त्यांतून गोऱ्या खलाशांच्या जागी श्वापदांच्या तोंडाचे परग्रहवासी बाहेर पडले, तर काय होईल? हिदेआकी सोराची या चित्रकार-लेखकाच्या ‘गिंतामा’ या विनोदी साहसकथेचा जन्म या कल्पनेतून झाला आहे. डिसेंबर २००३ मध्ये ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात ती मांगा, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कथा, या रूपाने सुरू झाली. एप्रिल २००६ पासून तिच्यावरची ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका, जपानी दूरचित्रवाणीवर दिसू लागली. ग्रंथरूपात तिचे ७७ खंड झाले आणि मालिकेचे ३६७ भाग. ‘गिंतामा’ याचा अर्थ रुपेरी आत्मा. परंतु त्यातील एका अक्षराचा उच्चार किंचित बदलला, की जपानी भाषेत चारचौघांत उच्चारू नये असा एक शब्द तयार होतो. कथेतील गांभीर्य आणि चावटपणा यांचे नाते असे मुखपृष्ठावरच जाहीर झालेले आहे.

या कथेतील एदो नगरी मोठी विलक्षण आहे. किमोनो घातलेली माणसे, लाकडी घरे आणि शोगुनाचा वाडा हे सारे जागच्या जागी आहे. त्यांच्यातूनच गगनचुंबी इमारती वर आल्या आहेत, घराघरांत दूरचित्रवाणी आहे आणि डोक्यावरून अंतराळयाने जात आहेत. या परग्रहवासीयांना लोक ‘अमान्तो’, म्हणजे स्वर्गलोकीची माणसे, असे म्हणतात. सामुराईंनी त्यांच्याशी दीर्घ युद्ध केले आणि ते हरले. शोगुन नामधारी उरला आणि तलवारी जप्त झाल्या. जपानी वाचकाला हे वाचताना १८५३ आठवते तसेच १९४५ ही आठवत असले पाहिजे; कारण त्या वर्षी जेत्यांनी देशातील तलवारी गोळा केल्या होत्या.

या पराभूत नगरीत गिंतोकी साकाता हा कथानायक राहतो. जपानी लोककथेत किंतारो नावाचा अचाट बळाचा एक बालवीर आहे. मोठेपणी त्याचे नाव साकाता किंतोकी होते. ‘किन’ म्हणजे सोने आणि ‘गिन’ म्हणजे चांदी, तेव्हा हा नायक नावापासूनच दुय्यम धातूचा आहे. युद्धात ‘पांढरा राक्षस’ म्हणून ज्याचा दरारा होता तो हा वीर आज काबुकी-चो या वस्तीत, एका मद्यालयाच्या माडीवर, सांगाल ते काम करून देण्याचे दुकान चालवतो. कोणाचे हरवलेले मांजर शोध, कोणाचे गळके छप्पर दुरुस्त कर, असला हा व्यवसाय. केस पांढरे आणि कुरळे, डोळे मेलेल्या माशासारखे, गोडाचा हव्यास इतका की मधुमेह उंबरठ्यावर आलेला. आणि कचेरीच्या भिंतीवर एरवी जेथे एखादे उदात्त वचन टांगतात तेथे याने सुंदर हस्ताक्षरात ‘साखर’ हा शब्द चौकटीत लावला आहे. घरभाडे महिनोन्‌महिने थकलेले असते. कमरेला तलवार आहे, पण लाकडी. तिच्या मुठीवर तोया सरोवराचे नाव कोरलेले आहे. असल्या तलवारी जपानात सहलीच्या ठिकाणी आठवण म्हणून विकत मिळतात. तोया सरोवर होक्काइदो बेटावर आहे, आणि सोराची यांची जन्मभूमीही होक्काइदोच.

त्याच्या जोडीला शिम्पाची नावाचा चष्मा घालणारा एक तरुण आहे. त्याच्या वडिलांची तलवारबाजीची शाळा कर्जात बुडालेली आहे. तिसरी कागुरा, ही मुलगी स्वतःच परग्रहवासी. यातो नावाच्या लढवय्या जमातीला ऊन सोसत नाही, म्हणून तिच्या हातात सदैव छत्री असते आणि ती छत्री शस्त्राचेही काम करते. शिवाय येईल त्याचे डोके तोंडात धरणारा सादाहारू नावाचा एक अजस्र कुत्रा. ज्यांच्यामुळे देश गेला त्यांच्यापैकीच एक मुलगी या घरात भांडून भांडून भात खाते, आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

विनोदाची घडण मुख्यतः ‘मांझाई’ या जपानी द्विपात्री विनोदप्रकाराची आहे. त्यात एकाने वेडगळ बोलायचे आणि दुसऱ्याने ताडकन त्याला टोकायचे असते. येथे टोकण्याचे काम शिम्पाचीकडे आहे. आपल्याकडील संस्कृत नाटकांतला विदूषक राजाच्या सावलीत राहून बोलतो. येथे मात्र राजा आणि विदूषक एकाच देहात आहेत, आणि शहाणपण चष्मेवाल्या पोराच्या वाट्याला आले आहे. शब्दनिष्ठ कोट्या पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी निम्म्या भाषांतरात मरतात. काही विनोद निव्वळ ग्राम्य आहे. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. आरंभीचे भागही बरेच रेंगाळतात.

खरी गंमत येते ती इतिहासातील थोरांची फजिती होते तेव्हा. १८६३ मध्ये स्थापन झालेले शिन्सेन्गुमी हे शोगुनाच्या बाजूने लढणारे पथक, आणि शोगुनाची सत्ता उलथणारे साकामोतो र्‍योमा, कात्सुरा कोगोरो यांच्यासारखे पुरुष, हे जपानी वाचकाचे घरोघरचे दैवत आहेत. शिबा र्‍योतारो यांच्या १९६० नंतरच्या दशकातील कादंबऱ्यांनी तर त्यांच्याभोवती एक तेजोवलयच निर्माण केले. सोराची त्यांची नावे जराशी बदलून त्यांना रस्त्यावर आणतात. शिन्सेन्गुमीचा करारी उपप्रमुख हिजिकाता येथे प्रत्येक पदार्थावर मेयोनेझचा ढीग ओततो. प्रमुख कोंदो शिम्पाचीच्या बहिणीच्या मागे लागून रोज मार खातो. आणि क्रांतिकारक कात्सुराला त्याचे मित्र ‘टोप’ अशा अर्थाच्या नावाने चिडवतात, तेव्हा प्राण कंठाशी आले असतानाही तो आधी ती चूक दुरुस्त करतो. इतिहासात यांपैकी बहुतेकांचा शेवट करुण आहे. र्‍योमाचा १८६७ मध्ये खून झाला, कोंदोचा १८६८ मध्ये शिरच्छेद झाला, हिजिकाता १८६९ मध्ये हाकोदाते येथे लढताना पडला. ज्यांना इतिहासाने तरुणपणीच मारले, त्यांना सोराची उनाडपणा करण्यास सवड देतात. वाचक हसतो, पण कोणाकडे पाहून हसतो हे त्याला ठाऊक असते.

आणि मग, शेकडो पानांच्या दंग्यानंतर, पडदा जरासा बाजूला होतो. बर्फ पडत असता काबुकी-चोमधील ओतोसे ही वृद्धा नवऱ्याच्या थडग्याशी येते. थडग्याच्या मागे भुकेने अर्धमेला झालेला एक तरुण टेकून बसलेला आहे. तो तिला विचारतो, थडग्यावर ठेवलेले मांजू खाऊ का? मांजू म्हणजे गोड सारण भरून वाफवलेला पदार्थ. आपल्या उकडीच्या मोदकाच्या गोत्रातला. ते माझे नव्हेत, नवऱ्याचे आहेत, त्यालाच विचार, असे ती म्हणते. तो खातो, आणि मग सांगतो की मेलेली माणसे बोलत नाहीत. पण खाल्ल्याचे ऋण राहते, म्हणून या म्हातारीचे उरलेले आयुष्य तिच्या नवऱ्याच्या वतीने आपण राखू. तो तरुण म्हणजे गिंतोकी, आणि माडीचे थकलेले भाडे ज्या घरमालकिणीला द्यावयाचे ती हीच ओतोसे. दर भागात हशा पिकवणाऱ्या त्या भाड्याच्या तगाद्यामागे एवढे जुने वचन आहे, हे वाचकाला फार उशिरा कळते.

त्याहून जुनी एक जखम आहे. रणभूमीवर प्रेतांच्या अंगावरचे अन्न शोधत फिरणाऱ्या पोरक्या गिंतोकीला शोयो नावाच्या गुरूने घरी आणले होते. या पात्रामागे १८५९ मध्ये मृत्युदंड झालेले योशिदा शोइन हे शिक्षक उघड दिसतात. गुरूला सरकारने पकडून नेले, आणि त्याला सोडवण्याकरिता शिष्य युद्धात उतरले. देश किंवा शोगुन यांच्यासाठी ते लढलेच नव्हते. शेवटी पकडल्या गेलेल्या गिंतोकीपुढे निवड ठेवण्यात आली ती अशी: गुरूचे मस्तक की सोबत्यांचे प्राण? त्याने तलवार उचलली ती गुरूवर. ते पाहणारा ताकासुगी हा सोबती त्याच दिवशी एक डोळा गमावून बसला, आणि पुढे सारे जग जाळावयास निघाला. दोघांचे दुःख एक आहे. एकाने त्याचा वणवा केला; दुसऱ्याने माडीवर दुकान थाटले, गोड खाल्ले, शेजाऱ्याचे मांजर शोधून दिले. पराभवानंतर कसे जगावे, हा प्रश्न त्या दोघांच्या झुंजीत जितका स्पष्ट उभा राहतो तितका गंभीर इतिहासकथांतही क्वचितच राहिला असेल. खरी तलवार धरून सर्वस्व गमावलेल्या माणसाने सहलीच्या दुकानातली लाकडी तलवार का पत्करली, हेही मग सांगावे लागत नाही.

अर्थात सोराची वाचकाला या खोल पाण्यात फार वेळ ठेवत नाहीत. कथा संपवण्याच्या बाबतीतही त्यांनी आपल्या नायकाचेच वळण गिरवले. २०१३ मध्ये ‘समाप्तिपर्व’ म्हणून चित्रपट निघाला. कथा चालूच राहिली. सप्टेंबर २०१८ मध्ये साप्ताहिकातील अखेरचे प्रकरण प्रसिद्ध झाले, तर गोष्ट अपुरीच. ती दुसऱ्या नियतकालिकात गेली, तेथेही संपेना. अखेर जून २०१९ मध्ये भ्रमणध्वनीवर वाचण्यासाठी केलेल्या एका खास योजनेतून ती पूर्ण झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये ‘अखेर’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचा चित्रपट पडद्यावर आला. दरम्यान मालिकेतील पात्रेच ही मालिका बंद पडणार, पैसे संपले, म्हणून एकमेकांच्या नावाने ओरडत होती. आणि एखाद्या भागात तर चित्र हलेचना, गिंतोकीच्या दुकानाचे एकच स्थिर चित्र समोर, आणि आतून तिघांच्या भांडणाचे तेवढे आवाज.