गळ्यातून श्वास घेणाऱ्या माणसाची काळजी



घशाच्या कर्करोगात काही वेळा स्वरयंत्र पूर्ण काढून टाकावे लागते. ही शस्त्रक्रिया काही नवी नव्हे. व्हिएन्ना येथे डॉ. बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी ती केली होती. बिडी, तंबाखू आणि दारूच्या पायी आपल्याकडेही ती पाळी अनेकांवर येते. ऑपरेशननंतर माणसाचा आवाज गेला, एवढंच लोकांच्या ध्यानात राहतं. पण त्याचा श्वासाचा रस्ताच बदललेला असतो आणि घरच्यांनी खरं तर तेच आधी समजून घ्यावं, असं आम्हांस वाटतं.

स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचं वरचं टोक गळ्याच्या खालच्या बाजूस कातडीला जोडतात. तिथं कायमचं छिद्र राहतं. आता नाकातोंडाचा आणि फुफ्फुसाचा संबंध उरत नाही. नळी घातलेल्या काही रोग्यांना नाकातूनही थोडी हवा मिळते. याला तीही मिळत नाही. म्हणून असा माणूस बेशुद्ध पडला तर नाका-तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून उपयोग नाही. गळ्यावरचं कापड बाजूला करून मास्क छिद्रावरच धरायचा. तोंडानं श्वास द्यायची वेळ आली तर तोही तिथूनच. हे गावातल्या चार तरुणांना सांगून ठेवावं, आणि ‘मी फक्त गळ्यातून श्वास घेतो’ अशी चिठ्ठी त्या माणसाच्या खिशात कायम असावी.

आपलं नाक हवा गाळतं, ऊबदार करतं, ओलसर करतं. गळ्यातून थेट आत जाणारी हवा मात्र कोरडी, थंड आणि धुळीची असते. त्यामुळे खोकला वाढतो, कफ घट्ट होतो, त्याच्या खपल्या धरतात, आणि एखादी मोठी खपली अडकली तर जीव गुदमरतो. गळीत हंगाम ऐन थंडीत येतो, तेव्हा हा त्रास अधिक. पाचट पेटवलेलं शेत, पिठाची गिरणी, औषध फवारणी यांपासून अशा माणसाला लांब ठेवावं. कारखान्याच्या आवारात उडणारी बगॅसची भुकटीही त्यातच आली, हे आम्हीच सांगितलेलं बरं!

उपाय महागच असतो असं नाही. स्वच्छ, सुती, विरळ विणीचं कापड ओलं करून, पिळून छिद्रापुढे सैल बांधावं. धूळ आणि चिलटं अडतात, हवाही दमट होते. एच.एम.ई. नावाचं लहानसं फिल्टर मिळतं. बाहेर जाणाऱ्या श्वासातली ऊब आणि ओल ते धरून ठेवतं आणि पुढच्या श्वासाला परत देतं. परवडत असेल तर ते रात्रंदिवस लावावं. तासभर लावून काढून ठेवलं की फायदा निघून जातो. छिद्र पुसताना कापूस वापरू नये, त्याचे तंतू आत जातात. खपली डॉक्टरांनी दिलेल्या सलाइनच्या थेंबांनी मऊ करून खोकल्यानं काढावी, काडीनं उकरू नये.

विहिरीत, कालव्यात पोहणं कायमचं बंद. डोक्यावरून तांब्या ओतायचा नाही, केस पुढे वाकून धुवायचे. न्हाव्याकडेही गळा झाकूनच बसावं. पाणी पिताना ते श्वासात जाईल ही भीती मात्र बाळगू नये. अन्नाची वाट आता वेगळी आहे. बोलण्यासाठी दोन नळ्यांमध्ये झडप बसवली असेल आणि पाणी पिताना ठसका लागू लागला, तर झडप गळते आहे असं समजून डॉक्टरांकडे जावं.

शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवते. पोतं उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो, तो स्वरयंत्र मिटून. ते नसलं की पहिल्यासारखा जोर लागत नाही. हा आळस नव्हे. चहा फुंकून पिता येत नाही. वासही जातो, त्यामुळे जेवण बेचव लागतं आणि गॅस गळला तरी कळत नाही. ओठ मिटून, जबडा खाली नेत जांभई दिल्यासारखं केलं की नाकात थोडी हवा खेचली जाते. ही युक्ती नेदरलँडच्या तज्ज्ञांनी २००० साली मांडली. सरावानं पुष्कळांना वास परत येतो.

आवाजही मिळू शकतो. झडपेनं, गळ्याला लावायच्या बॅटरीच्या यंत्रानं, किंवा अन्ननलिकेतली हवा ढेकरेसारखी वर आणून. तो घोगरा असतो, ऐकायला सवड द्यावी. ऊसबिलाच्या चौकशीला अशी व्यक्ती आली की लोक तिच्याशी ओरडून बोलतात. अहो, आवाज गेलेला असतो, कान नव्हे!

कफात वाळल्यामुळे रक्ताची एखादी रेघ दिसते. पण रक्त जास्त पडू लागलं, छिद्र अरुंद होत चाललं किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर हंगाम संपायची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.