फैजपूर अधिवेशन आणि फॅसिझमविरोध

फैजपूर अधिवेशन हे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन होय. ते डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेश (आजचा जळगाव) जिल्ह्यातील फैजपूर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. शेतीविषयक कार्यक्रमामुळे ते विशेष ओळखले जाते. तथापि फॅसिझमविरोधी भूमिकेच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

मे १९३६ मध्ये इटलीने अबिसिनियाची (इथिओपिया) राजधानी घेतली, तर जुलैमध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. त्याच वर्षी रोममध्ये मुसोलिनीची भेट घेण्यास नेहरूंनी नकार दिला होता. अधिवेशनाच्या तयारीसाठी धनाजी नाना चौधरी व साने गुरुजी यांनी परिश्रम घेतले.

भाषण व ठराव

नेहरूंनी अध्यक्षीय भाषणात फॅसिझम व साम्राज्यवाद यांचे निकटचे नाते मांडले. अधिवेशनाने फॅसिस्ट आक्रमणाचा निषेध केला, स्पॅनिश जनतेविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि साम्राज्यवादी युद्धात भारताला गोवण्यास विरोध नोंदविला.

युद्धकाळातील कसोटी

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने भारतीय प्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात उतरल्याचे घोषित केले. स्वतःला नाकारलेल्या लोकशाहीसाठी लढावे कसे, असा पेच त्यातून उभा राहिला. फैजपूरला उपस्थित असलेले मानवेंद्रनाथ रॉय यांनी फॅसिझमचा पराभव हेच प्रथम कर्तव्य मानून युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला. काँग्रेसच्या ८ ऑगस्ट १९४२ च्या ठरावाने मात्र ब्रिटिश सत्ता संपविण्याची मागणी केली. स्वतंत्र भारत नाझीवाद व फॅसिझमविरुद्ध आपले बळ वापरील, असेही त्यात नमूद होते.

९ सप्टेंबर १९४२ रोजी तत्कालीन पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता व लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा हे विद्यार्थी हुतात्मा झाले.

महत्त्व

फैजपूरच्या ठरावांनी दूरदेशीच्या पीडितांचा प्रश्न खानदेशातील शेतकऱ्यांसमोर मांडला. परकीय हुकूमशाहीचा निषेध करताना आपल्या भूमीवरील दडपशाहीलाही तोच न्याय लावावा, हा या घटनाक्रमाचा मुख्य बोध होय. दोहोंपैकी आधी कोणाशी लढावे याबद्दल प्रामाणिक मतभेद होऊ शकतात, हेही त्यातून दिसते.